रेषा दोन राज्यांची, रान एकच

कोल्हापूर, निपाणी आणि बेळगाव या पट्ट्यातील माणसाला 'सीमा' हा शब्द कोणी शिकवावा लागत नाही. माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या राज्यात. शेत अलीकडे, बाजार पलीकडे. घरात बोली एक आणि कचेरीतील अर्ज दुसऱ्या लिपीत, अशी आपली तऱ्हा १ नोव्हेंबर १९५६ पासून चालत आली आहे. या प्रश्नावर किती परिषदा झाल्या, किती सत्याग्रह झाले, किती जणांनी तुरुंग पाहिला, हे या पानाच्या वाचकांना सांगावयास नको. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात लावलेल्या दाव्याकडे सीमाभागातील मराठी माणूस आजही डोळे लावून बसला आहे.

तो प्रश्न माझ्या मनाच्या जवळचाच आहे. पण आज मला लिहावयाचे आहे ते त्याच रेषेवरील आणखी काही रहिवाशांविषयी. त्यांनी कोणत्याही आयोगापुढे साक्ष दिली नाही, आणि कोणत्या राज्यात राहावयाचे असे त्यांना कोणी विचारलेही नाही. ते रात्री रेषा ओलांडतात आणि पहाटे परत येतात. गवा, हत्ती, अस्वल, बिबट्या आणि पट्टेरी वाघ हे ते रहिवासी होत. त्यांचे घर तीन राज्यांत विभागले गेले आहे आणि त्या घराची देखरेख तीन वेगवेगळी खाती, तीन वेगवेगळ्या नकाशांवरून करीत आहेत. याचा ताप जनावरांना होतो तसाच, किंबहुना त्याहून अधिक, रेषेवरच्या शेतकऱ्याला होतो. म्हणून हा विषय केवळ निसर्गप्रेमी मंडळींचा नव्हे, तुमच्या-आमच्या पोटापाण्याचाही आहे.

मुद्दा कळण्यासाठी चंदगड तालुक्याचे उदाहरण पुरेसे आहे. १९५६ पर्यंत चंदगड हा बेळगाव जिल्ह्यातील तालुका होता. राज्य पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तेवढा वेगळा निघून कोल्हापूरला जोडला गेला. शेजारचा खानापूर तालुका तिकडेच राहिला. काल-परवापर्यंत एकाच जिल्ह्याचे असलेले हे दोन तालुके, आणि त्यांच्या अंगाखांद्यावर पसरलेले एकच घनदाट रान, एका दिवसात दोन राज्यांचे झाले. कागदावर ओढलेली ही रेषा चंदगडच्या गव्याला अद्याप दिसलेली नाही.

पाणी कोठून येते?

निपाणीच्या तंबाखूच्या माळावर उभे राहिले की पश्चिमेला क्षितिजावर डोंगराची निळसर ओळ दिसते. निपाणीकराला ती दूरची वाटते. पण त्याच्या उसाला आणि घागरीला मिळणारे पाणी तेथूनच येते. वेदगंगा उगम पावते भुदरगडच्या डोंगरात, मधासाठी नाव झालेल्या पाटगावच्या बाजूला, आणि गारगोटी, मुरगूड करीत निपाणीच्या शिवारात येते. दूधगंगेवरील काळम्मावाडीचे धरण राधानगरीच्या गव्यांच्या रानाला लागून आहे आणि त्याच्या पाण्यात कर्नाटकाचाही वाटा आहे. आंबोलीला उगवलेली हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर अशी गावे जोडत जाते. चंदगडची ताम्रपर्णी घटप्रभेला मिळते आणि ते पाणी हिडकल धरणात पोहोचते. मलप्रभा निघते खानापूर तालुक्यातील कणकुंबीहून. आणि म्हादई त्याच तालुक्याच्या रानात जन्म घेऊन गोव्याला जाते.

नद्यांप्रमाणे रस्तेही पाहा. निपाणीहून निघालेला रस्ता राधानगरी आणि दाजीपूर करीत फोंडा घाट उतरून देवगडला जातो. बेळगावहून वेंगुर्ल्याला जाणारा रस्ता शिनोळी, पाटणे फाटा घेऊन आंबोलीचा घाट उतरतो. बेळगाव-गोवा रस्ता जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाटातून जातो, तर लोंढ्याहून निघालेली आगगाडी कॅसलरॉकच्या घाटातून खाली उतरते. या वाटांनी मी अनेकदा गेलो आहे. प्रत्येक वेळी एक गोष्ट लक्षात येते. आपण ज्याला 'गोव्याचा रस्ता' किंवा 'कोकणचा रस्ता' म्हणतो, तो प्रत्यक्षात उत्तर-दक्षिण पसरलेल्या एका अखंड रानाला आडवा कापीत गेलेला असतो. आपण पूर्व-पश्चिम जातो. जनावरे उत्तर-दक्षिण जातात. दोघांची गाठ पडते ती घाटमाथ्यावर, आणि बहुधा रात्री.

संस्थानी काळातील रान

संस्थानी काळात या डोंगरावर एक नव्हे, अनेक झेंडे होते. कोल्हापूर, सावंतवाडी ही संस्थाने. बेळगावचे शहापूर सांगलीकरांचे. बाकी बेळगाव जिल्हा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. घाटाखाली पोर्तुगीजांचे गोवे. रान राखले जाई ते मुख्यतः शिकारीसाठी. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात दाजीपूरचे रान असेच राखीव होते, आणि त्याच भोगावतीच्या खोऱ्यात त्यांनी राधानगरीचे धरण बांधावयास घेतले. राखीव रानाचा अर्थ रयतेला तेथे मज्जाव असाही होता, हे विसरून चालणार नाही. परंतु त्या राखणीमुळे दाजीपूरचा गवा टिकला, हेही तितकेच खरे. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले. महाराष्ट्रातील ते पहिले अभयारण्य. पुढे १९८५ साली त्याचा विस्तार होऊन आजचे सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले.

त्यानंतर एकेक तुकडा राखला जाऊ लागला. उत्तरेला कोयना आणि चांदोली ही १९८५ सालची अभयारण्ये. चांदोली २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१० साली दोन्ही मिळून सुमारे ११६५ चौरस किलोमीटरचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. गोव्याने १९९९ साली २०८ चौरस किलोमीटरचे म्हादई अभयारण्य केले. कर्नाटकाने २०११ च्या डिसेंबरात खानापूर तालुक्यात सुमारे १९० चौरस किलोमीटरचे भीमगड अभयारण्य केले. शिवकालीन किल्ल्याचे नाव मिरविणाऱ्या या रानातील बारापेडे गुहांत जगात मोजक्याच ठिकाणी आढळणारे एक दुर्मिळ वटवाघूळ राहते. त्याच्या दक्षिणेला दांडेली-अणशीचे रान २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाले आणि आता काळी व्याघ्र प्रकल्प या नावाने ओळखले जाते. नकाशावर हे सारे हिरवे ठिपके एकाखाली एक मांडले की ओवलेल्या मण्यांसारखे दिसतात. प्रश्न आहे तो मण्यांमधल्या दोऱ्याचा.

वाघाची वाट

एखाद्या सुजाण वाचकाच्या मनात येईल की इतकी अभयारण्ये झाली, आता आणखी काय हवे? याचे उत्तर वाघाच्या स्वभावात आहे. वाघाचा बच्चा दोन वर्षांचा झाला की आईचे रान सोडतो. वाघिणी बहुधा आईच्या शेजारीच आपले रान मांडतात. नर मात्र दूर निघतात. नव्या रानाचा, नव्या सोबतिणीचा शोध घेत ते शंभर-दोनशे किलोमीटर सहज चालून जातात. असे जाणे-येणे थांबले की लहानशा रानातील वाघ आपापसांतच वाढतात, त्यांचे रक्त पातळ होते, आणि एखाद्या रोगाने किंवा वणव्याने तेवढे रान उजाड झाले तर बाहेरून भर घालणारे कोणी उरत नाही. राखलेला तुकडा कितीही उत्तम असला तरी एकटा तुकडा काही पिढ्यांत निकामी होतो. गव्याचे, रानकुत्र्यांचे आणि हत्तीचे गणितही थोड्याफार फरकाने हेच आहे.

हे नुसते पुस्तकी अनुमान राहिलेले नाही. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे वेगळे असतात, त्यामुळे रानात बसविलेल्या कॅमेऱ्यांतून वाघ ओळखता येतो. २०१८ साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात टिपलेला एक वाघ २०२० साली काळीच्या रानात आढळला. मधले अंतर सरळ रेषेत मोजले तरी दोनशे किलोमीटरच्या वर. राधानगरीत दिसलेला आणखी एक नर २०२३ च्या डिसेंबरात सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात टिपला गेला. म्हणजे कोयनेपासून काळीपर्यंत वाट आहे, आणि वाघ ती वापरतो आहे.

पण या वाटेने उत्तरेकडे पोहोचले ते नर. वाघिणी इतक्या दूर सहसा येत नाहीत. अखेर २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून एक वाघीण आणून चांदोलीच्या रानात सोडण्यात आली. हे काम मोलाचे आहे यात शंका नाही. परंतु मोटारीतून वाघ आणणे हा तात्पुरता उपाय झाला. त्या वाघिणीची पिल्ले मोठी होतील तेव्हा ती दक्षिणेकडेच निघतील, आणि त्यांची वाट जाईल ती आपल्याच आजरा, चंदगड, खानापूर या तालुक्यांतून.

ही वाट काही सलग अरण्य नाही. तिच्यात सरकारी रान आहे तसे खासगी मालकीचे रानही आहे. सिंधुदुर्गात तर खासगी रानच फार. मध्ये चंदगडची काजूची बाग लागते, आजऱ्याचा ऊस लागतो, जांभ्या दगडाचे सडे लागतात, एखादी देवराई लागते. दोडामार्ग, सावंतवाडीकडे मोठी झाडे तोडून रबर आणि अननस लावले गेले. राधानगरी आणि चंदगडच्या सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी निघाल्या आणि तेथील खनिज बेळगावच्या ॲल्युमिनियम कारखान्याकडे जाऊ लागले. या प्रत्येक ठिकाणी दोरा थोडा विरतो. तुटला असे अद्याप म्हणता येणार नाही. पण कोठे विरला आहे हे पाहावयाचे तर सबंध दोरा एका हाताने चाचपावा लागतो, आणि तसा एक हात आज कोठेही नाही.

हत्ती आणि पंचनामा

आता रेषेवरच्या शेतकऱ्याची बाजू पाहू. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कर्नाटकातील हत्ती खानापूरच्या रानातून दोडामार्गात उतरले आणि पुढे चंदगड, आजऱ्याच्या शिवारात शिरले. तोवर या भागातील पिढ्यांनी हत्ती पाहिला होता तो देवळाच्या मिरवणुकीत किंवा सर्कशीत. हत्तीने एका रात्रीत केळीची बाग आडवी केली, उसाचा फड तुडविला, माड मोडले. शेतकऱ्याने डबे वाजविले, फटाके उडविले, टेंभे पेटविले. हत्ती रेषेपलीकडे गेला की अलीकडच्या गावाने सुटकेचा निःश्वास टाकावयाचा, आणि तो परतला की पलीकडच्या गावाने. हुसकावून परत पाठविण्याचे प्रयत्न झाले; हत्ती फिरून आले. २०१५ च्या फेब्रुवारीत सिंधुदुर्गातील माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडण्यात आले. ते पकडावयास कर्नाटकातून शिकविलेले हत्ती आणि जाणकार माणसे आली होती. पकडलेले सारे हत्ती पुढे जगले नाहीत. या प्रकरणातून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. संकट गळ्याशी आले तेव्हा दोन राज्यांना एकत्र काम करता आले. तेच संकट येण्यापूर्वी, शांतपणे, वर्षानुवर्षे का करता येऊ नये?

सीमेवरच्या शेतकऱ्याला विचारले तर त्याचे म्हणणे साधे असते. हत्ती कोणत्या राज्याचा हे त्याला ठाऊक नाही. नुकसान मात्र त्याच्या सात-बाऱ्यावरचे असते. पंचनामा, अर्ज, फोटो आणि मग वाट पाहणे. रेषेच्या दोन्ही बाजूंना भरपाईचे दर निराळे, कागद निराळे, साहेब निराळे. शेजारच्या बांधावर तेच पीक, तोच हत्ती, तीच रात्र. पण दाम वेगळा. अशा माणसाला वाघ-हत्तीचे महत्त्व सांगू गेलो तर तो तोंडावर काही बोलणार नाही, पण त्याच्या मनात काय येईल हे ओळखण्यास फारशी कल्पनाशक्ती लागत नाही.

या दुर्लक्षाची किंमत किती भयंकर असते ते २०२० च्या जानेवारीत गोव्याच्या सत्तरी तालुक्यात दिसले. म्हादई अभयारण्यातील गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बच्चे, असे चार वाघ विषाने मेले. वाघाने गुरे मारली होती आणि गुरे हेच ज्यांचे भांडवल त्यांच्या घरी चूल पेटण्याचा प्रश्न होता. विष घालणे हा गुन्हाच. त्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु गाय मेल्याची भरपाई त्याच आठवड्यात दारात आली असती तर विषाची आठवण कोणाला झाली असती काय, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. म्हादई आणि भीमगड ही रेषेच्या दोन अंगांची रानेच. तेथे चार वाघ गेले म्हणजे सबंध दोऱ्यातील चार गेले.

शहरेही यातून सुटलेली नाहीत. २०२२ च्या ऑगस्टात बेळगाव शहरात बिबट्या दिसला. गोल्फच्या मैदानाभोवती महिनाभर शोध चालला, शिमोग्याकडील सक्रेबैलहून हत्ती आणले गेले, बावीस शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि अखेर बिबट्या काही हाती लागला नाही. त्याआधी २०२१ च्या डिसेंबरात गवे थेट कोल्हापूरच्या वेशीवर आले होते आणि त्यात एका तरुणाचा जीव गेला. डोंगरातील प्रश्न डोंगरातच राहील अशी ज्यांची समजूत होती, त्यांची ती यानंतर राहिली नसावी.

कायद्याने काय दिले आहे?

कायदा नाही अशी सबब मात्र येथे चालणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली आणि 'संवर्धन राखीव' हा नवा प्रकार त्यात आला. अभयारण्यांना लागून असलेली किंवा दोन अभयारण्यांना जोडणारी सरकारी जमीन, तेथील लोकांशी विचारविनिमय करून, अशी राखीव जाहीर करता येते. तिच्या कारभाराला सल्ला देण्यासाठी समिती असते आणि त्या समितीत वनखात्याबरोबर प्रत्येक संबंधित ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे तीन प्रतिनिधी, शिवाय शेती आणि पशुसंवर्धन खात्याचे प्रत्येकी एक, अशी माणसे बसतात. शाहू महाराजांच्या वेळच्या राखीव रानात आणि या राखीव रानात फरक आहे तो हाच: येथे गावाला खुर्ची आहे.

महाराष्ट्राने या तरतुदीचा चांगला उपयोग केला. २०२० च्या जूनमध्ये तिलारीचे सुमारे २९ चौरस किलोमीटर रान संवर्धन राखीव झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्य वन्यजीव मंडळाने आणखी राखीवांना मान्यता दिली. त्यांत विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, सुमारे २३८ चौरस किलोमीटरचे आजरा-भुदरगड, सुमारे २२५ चौरस किलोमीटरचे चंदगड आणि आंबोली-दोडामार्ग ही रानेही आहेत. राधानगरीपासून तिलारीपर्यंतचा दोरा महाराष्ट्राच्या हद्दीत असा बराचसा ओवला गेला. सावंतवाडी-दोडामार्गच्या वृक्षतोडीला मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली मनाई केली आणि २०२४ साली तेथील पंचवीस गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्याविषयी आदेश दिला. गोव्याच्या बाजूला २०२३ च्या जुलैत उच्च न्यायालयाने म्हादई आणि लगतचे रान व्याघ्र प्रकल्प करावे असे फर्माविले. गोवा सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

सबंध पश्चिम घाटाचा विचार करणाऱ्या समित्याही झाल्या. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली अहवाल दिला, कस्तुरीरंगन समितीने २०१३ साली. त्यानंतर केंद्र सरकारचे मसुद्यामागून मसुदे निघाले. २०२४ च्या जुलैतील मसुदा सहावा होता. देशातील वाघांच्या जोडमार्गांची एक यादी २०१४ साली प्रसिद्ध झाली आणि तीत बत्तीस मार्ग दाखविले होते. सह्याद्री-राधानगरी-गोवा हा मार्ग त्यांत आहे.

इतके सगळे असताना अडते कोठे? प्रत्येक राज्य आपल्या हद्दीपर्यंतच विचार करते, तेथे अडते. चंदगडची राखीव जेथे संपते तेथे महाराष्ट्राचा नकाशा संपतो. भीमगड जेथे सुरू होते तेथे कर्नाटकाचा आराखडा सुरू होतो. मधल्या जांबोटी-कणकुंबीच्या रानात आणि तिन्ही राज्ये जेथे एकमेकांना भिडतात त्या चोर्ला-तिलारीच्या पट्ट्यात काय व्हावे, याचा विचार तिघांनी एकत्र बसून, एका कागदावर करावा लागेल. दोऱ्याचा सर्वांत नाजूक भाग नेमका तेथेच आहे.

पाण्यासाठी जे जमते

हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल तर मी त्याला पाण्याकडे बोट दाखवीन. म्हादईच्या पाण्यावरून गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांचे भांडण किती कडू आहे हे आपण जाणतो. तरीही त्या भांडणासाठी २०१० साली लवाद नेमला गेला, २०१८ च्या ऑगस्टात त्याचा निवाडा आला आणि २०२३ साली त्या निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी 'प्रवाह' नावाचे प्राधिकरण स्थापन झाले. म्हणजे भांडणारी तीन राज्ये एका टेबलाशी बसू शकतात. नदीसाठी टेबल आहे, आणि ज्या रानामुळे नदी वाहते त्या रानासाठी नाही, हे चमत्कारिक नव्हे काय? काळम्मावाडीच्या धरणाचे पाणी दोन राज्यांनी वाटून घेतलेच ना? मग ते पाणी अडवून धरणाऱ्या डोंगराची राखणही वाटून घेता येईल.

बाहेरची उदाहरणेही आहेत. विदर्भाच्या सीमेवर पेंच नदीच्या काठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांचे एकाच नावाचे दोन व्याघ्र प्रकल्प आहेत. त्या रानातून नागपूरहून उत्तरेला जाणारा मोठा महामार्ग रुंद करावयाचा ठरला तेव्हा बराच वाद झाला. अखेर महाराष्ट्राच्या बाजूला जनावरांना खालून जाता यावे म्हणून नऊ ठिकाणी पूल आणि मार्गिका बांधल्या गेल्या. त्यांच्याखालून वाघ, रानकुत्री, चितळ बिनधोक जाताना कॅमेऱ्यांत टिपले गेले. वर मोटारी, खाली वाघ. आपल्या चोर्ला, आंबोली, दाजीपूरच्या रस्त्यांची कामे निघतील तेव्हा हा दाखला हाताशी हवा. आफ्रिकेत तर अंगोला, बोट्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे या पाच देशांनी २०११ साली करार करून कवांगो आणि झांबेझी नद्यांच्या प्रदेशातील रान एकत्र सांभाळावयाचे ठरविले. पाच स्वतंत्र देशांना जे साधते ते एका देशातील तीन राज्यांना साधू नये?

आराखड्यात काय असावे?

माझ्या अल्पमतीप्रमाणे पहिली गरज आहे ती एका नकाशाची. कोयनेपासून काळीपर्यंतचा, तिन्ही राज्यांच्या वनखात्यांनी मान्य केलेला, जनावरांच्या खऱ्या वाटा दाखविणारा नकाशा. कोणतीही खाण, धरण, रस्ता किंवा लोहमार्ग मंजूर करण्यापूर्वी तो उघडला जावा. कॅसलरॉक ते कुळे या लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली. असा नकाशा आधी असता तर गोष्ट न्यायालयापर्यंत जाण्याचे कारण कदाचित पडले नसते.

दुसरी गरज समान भरपाईची आणि जलद भरपाईची. रेषेच्या दोन्ही अंगांना एकच दर आणि एकच मुदत असावी. गाय मेली, केळी मोडली, माणूस जखमी झाला, तर ठराविक दिवसांत पैसे हाती पडलेच पाहिजेत. इतर साऱ्या योजना या एका गोष्टीवर उभ्या राहतील किंवा कोसळतील.

तिसरी गोष्ट खबर देण्याची. कळप तिलारीकडून निघाला की चंदगडच्या आणि खानापूरच्या गावांना त्याच संध्याकाळी मराठीत आणि कन्नडात निरोप मिळावा. आपल्या खिशातील दूरध्वनी एरवी हजार निरर्थक निरोप आणतो. त्यात एक उपयोगाचा असावा. येथे भाषेचा अभिमान आड येण्याचे कारण नाही. हत्ती दारात आला असताना सूचना कोणत्या भाषेत आली याचा वाद घालण्यास कोणाला सवड नसते, पण ती समजली पाहिजे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, गावाची खुर्ची. भीमगडच्या आत मराठी बोलणारी छोटी छोटी गावे आहेत. २०२४ च्या पावसाळ्यात त्यांतील आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी खांद्यावरून रानातून बाहेर आणले, कारण धड रस्ता नाही. २०२५ साली तळेवाडीच्या काही कुटुंबांनी भरपाई घेऊन रान सोडण्याचे कबूल केले. जे स्वखुशीने बाहेर येतील त्यांना सन्मानाने जमीन, घर आणि शाळा मिळाली पाहिजे. जे राहतील त्यांना दवाखाना नाकारून बाहेर काढण्याची वाट पाहणे हे सरकारला शोभणारे नाही. ज्यांच्या पूर्वजांनी देवराया राखल्या तीच माणसे या कामात वडीलधारी आहेत. हिरण्यकेशीच्या उगमापाशी महादेवाच्या देवळाजवळ २०२० साली शास्त्रज्ञांना माशाची एक नवी जात सापडली आणि पुढल्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. त्या झऱ्याची राखण तोवर केली होती ती भाविकांनी, कोणत्याही अधिसूचनेवाचून.

आणि शेवटी, वर्षातून निदान दोनदा, कोल्हापूर, बेळगाव आणि गोव्याकडील वनाधिकारी, ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी आणि अभ्यासक यांची बैठक व्हावी. एकदा चंदगडला, एकदा खानापूरला. मुंबई, बंगळूर आणि पणजीहून फायली फिरत बसण्यापेक्षा हे अंतर फार थोडे आहे.

एक शंका उरते आणि ती रास्त आहे. रेषेपलीकडच्या सरकारशी असा एकत्र आराखडा केला तर आपण ती रेषा मान्य केली, असे होणार नाही काय? मला तसे वाटत नाही. दाव्याचा निकाल काहीही लागो, निपाणी, खानापूर उद्या कोणत्याही राज्यात असोत, ते रान तेथेच राहणार आहे आणि त्याची वाटही तीच राहणार आहे. आपण आज राखले तर उद्या ज्यांच्या पदरात हा मुलूख पडेल त्यांच्या पदरात ते रानही पडेल. न राखले तर निकालाच्या दिवशी हाती येईल तो उजाड सडा आणि आटलेली वेदगंगा. सीमाभागातील ग्रामपंचायतींनी, दोन्ही बाजूंच्या आमदार-खासदारांनी आणि आपल्या शहरातील संस्थांनी या बैठकीची मागणी आताच पुढे मांडावी. पुढल्या पावसाळ्याआधी पहिली बैठक भरली, तर पावसाळ्यात हत्ती उतरतील तेव्हा निदान दोन बाजूंचे रखवालदार एकमेकांना नावाने ओळखत असतील.